सुरी सिस्टरांच्या पर्समध्ये

एस्तेर सिस्टर गेल्या, त्या दिवशी चर्चमध्ये माझ्यापेक्षा मोठ्यानं रडणाऱ्या निदान सहा बायका निघाल्या, आणि खरं सांगते, मला त्याचाही राग आला. पुढं आठवड्यानं उपकारस्तुतीची सभा झाली. पाळकसाहेबांनी "कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर पुढे या" म्हटलं मात्र, रांगच लागली. जो तो सांगत होता, सिस्टर आमच्याच घरच्या. भालेराव म्हणाले, त्यांचा सगळ्यात जास्त जीव माझ्यावर होता. एक बाई म्हणाल्या, मला त्या लेक मानायच्या. मी तिसऱ्या बाकावर बसून प्रत्येकाचं म्हणणं मनातल्या मनात खोडून काढत होते. सांगण्यासारखं माझ्याकडे या सगळ्यांहून जास्त होतं. पण ते माइकसमोर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून घरी येऊन लिहायला बसले.

आधी माझं थोडं सांगते, म्हणजे माझ्या पोटात काय दुखत होतं ते कळेल. मी पाळकांची मुलगी. वडिलांनी आयुष्यभर उपदेश केला आणि मी आयुष्यभर तो पुढच्या बाकावरून ऐकला. नंतर शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. आवाज चांगला, शास्त्रवचनं पाठ, उच्चार शुद्ध. आमच्या ख्रिस्ती घरांमध्ये कुठलंही कार्य प्रार्थनेशिवाय सुरू होत नाही. बारसं असो, साखरपुडा असो, हळद, घरभरणी, दहावीचा निकाल, दारात आलेली नवी स्कूटर, आधी डोळे मिटायचे आणि मग बाकीचं. लग्नाला पाळकसाहेब असतातच, पण घरगुती समारंभात "प्रार्थना कोण करणार?" हा मोठा प्रश्न असतो. मानपान आमच्यात नसतो असं आम्ही चारचौघांत सांगतो. पण प्रार्थनेसाठी एकीचं नाव घेतलं जातं तेव्हा बाकीच्यांचे चेहरे बघावेत. शरणपूर रोडच्या आजूबाजूच्या आमच्या मंडळीत ते नाव बरीच वर्षं माझं होतं.

मग एस्तेर सिस्टर निवृत्त झाल्या आणि चर्चच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायला आल्या.

बुटक्या, सावळ्या, चालणं तुरुतुरु. मिशनच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. नोकरी संपली तरी पांढरी साडी आणि खांद्याजवळ पिनेनं अडकवलेलं उलटं घड्याळ सुटलं नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. माहेर चांदवडकडच्या एका खेड्यातलं, आईबाप दुसऱ्याच्या कांद्यात राबणारे. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. वेळ, पत्ता, औषधाचं नाव, जे काही लक्षात ठेवायचं ते डाव्या तळहातावर पेनानं लिहायच्या. वॉर्डातली सवय. त्यांच्या हातावर बघितलं की आज कुणाकडे काय आहे ते सगळं कळायचं. मी बघायचे. रविवारी उपासना सुटल्यावर सलाम करायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले की आधी डावा तळवा वाचायचे. त्यात माझ्या ओळखीचं घर दिसलं, की त्या दिवशी मला भाजी अळणी लागायची.

काळी पर्स, भाजीच्या पिशवीएवढी. त्यात थर्मामीटर, पट्ट्या, पेपरमिंट, दुधाच्या पिशवीचं कव्हर घातलेलं बायबल. आणि समारंभ सुरू झाल्यापासून प्रार्थना होईपर्यंत, यजमानांची सुरी.

त्या सुरीचं सांगायला हवं. सिस्टरांना प्रार्थनेला बोलावलं, की त्या आल्या आल्या केकजवळ जायच्या, सुरी उचलून रुमालात गुंडाळायच्या आणि पर्समध्ये टाकायच्या. हळद असली तर हळदीची वाटी, साखरपुडा असला तर अंगठ्यांची डबी. मग ज्याचं कार्य असेल त्याला एकट्याला आत घ्यायच्या, स्वयंपाकघरात, गॅलरीत, जागा नसली तर मोरीत, आणि हळू आवाजात विचारायच्या, "कुणाशी अबोला हाय का?"

नाही म्हटलं तर दोन मिनिटांत बाहेर. हो म्हटलं, तर त्या माणसाला बोलावल्याशिवाय नाहीतर निदान फोन लावल्याशिवाय सुरी पर्समधून निघायची नाही. वेदीवर देणगी ठेवायच्या आधी भावाशी समेट करून ये, असं प्रभूनं सांगितलंय. तेवढं एक वचन त्यांनी धरलं होतं. "आपन त्याला पाव्हना म्हनून बोलावतो," त्या म्हणायच्या. "तो येतो, बघतो, घरात एक खुर्ची मोकळी. तो इचारनार नाय का, इथं कोन बसायचं होतं?"

भालेरावांचा पन्नासावा वाढदिवस मला चांगला आठवतो. हॉल घेतला होता, तीन मजली केक, बिर्याणीचा वास दारापर्यंत. सिस्टरांनी सुरी पर्समध्ये टाकली आणि भालेरावांना जिन्याखाली नेलं. बाहेर आल्या त्या एकट्याच. भालेराव जिन्याखाली फोन कानाला लावून उभे. धाकट्या भावाशी प्लॉटच्या वाटणीवरून सात वर्षं बोलणं नव्हतं. भाऊ राहायचा नाशिकरोडला, जेल रोडच्या पुढे. तो यायला कबूल झाला, पण वाटेत द्वारकेच्या चौकात अडकला. दीडशे माणसं बसून होती. मुलं रडायला लागली. केकवरचं क्रीम उतरायला लागलं. केटरर मला येऊन म्हणाला, "मॅडम, आता तरी सांगा ना त्यांना." मी म्हटलं, "मला काय सांगता? प्रार्थना माझ्याकडे नाही." हे वाक्य मी जरा मोठ्यानं म्हटलं.

दीड तासानं भाऊ आला. केस ओले, पायात घरातल्या चपला. दारातच म्हणाला, "आलोय. पण जेवणार नाही."

सिस्टर म्हणाल्या, "नको जेवू. हितं उभा राहा."

मग त्यांनी प्रार्थना केली. माझ्या मते ती प्रार्थनाच नव्हती. "बापा, हे दोघं भाऊ हायेत. लय उशीर झालाय, लेकरं भुकेली हायेत. जे जोडायचं ते तू जोड. येशूच्या नावानं, आमेन." एवढंच. ना स्तुती, ना वचन, ना व्याकरण. आणि भालेरावांसारखा दांडगा माणूस केकसमोर हुंदके देऊन रडला. भाऊ जेवला, दोनदा वाढून घेतलं. बिर्याणी थंड होती हे फक्त माझ्या लक्षात राहिलं असावं.

त्या दिवशी रिक्षात मी एकटीच बसून विचार करत होते की इतक्या वर्षांत माझ्या प्रार्थनेला कोण रडलं. लोक "फार छान प्रार्थना झाली बाई" म्हणायचे. रडलं कुणी नव्हतं.

त्यानंतर त्यांचं प्रस्थ वाढतच गेलं. केटरर ऑर्डर घेतानाच विचारायचा, "सिस्टर येणार आहेत का? मग रस्सा मागाहून गरम करतो." माझ्या भाचीनं पाथर्डी फाट्याकडे घर बांधलं, शेजारी फुलशेती करणारं माळ्यांचं कुटुंब. कुंपणावरून दोन्ही घरांचं वाजलेलं. घरभरणीच्या दिवशी सिस्टरांनी रिबीन कापायची कात्री पर्समध्ये टाकली आणि भाचीला थेट कुंपणापाशी घेऊन गेल्या. शेजारचे आप्पा आधी तोंड फिरवून उभे राहिले, मग पाटीभर झेंडू घेऊन आले आणि दाराला तोरण स्वतः बांधलं. वर्षानं आप्पांच्या नातवाचं जाऊळ होतं. त्यांनी निरोप पाठवला, "आमचं सगळं आमच्या पद्धतीनं होईल, पन त्या बाईंना पाठवा. माझं एकाशी बोलनं बंद हाय आन मला काय फोन लावायचा धीर होत नाय." हे ऐकून मंडळीत सगळे कौतुकानं हसले. मी हसले नाही. आता हिंदूंच्या घरीसुद्धा हीच, असं माझ्या मनात आलं.

आणखी एक खोड होती त्यांची, ती पुढं मला महागात पडली. कार्याच्या वेळेआधी दोन तास यायचं, कामवालीला बाजूला सारून पाट ओढायचा आणि लसूण सोलायचा. साहेबाचं घर असो की सफाई कामगाराचं, लसूणच. "रिकाम्या हातानं मला देवाशी बोलता येत नाय," म्हणायच्या. बोटांना लसणाचा वास घेऊनच त्या सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवायच्या.

एकदा मात्र फसल्या. मंडळीतल्या रोशनीचा साखरपुडा होता. मुलगा लासलगावकडचा, शिकलेला, घर चांगलं. अंगठ्यांची डबी पर्समध्ये गेली, रोशनीला गच्चीवर नेलं, प्रश्न विचारला. पोरगी म्हणाली, "पप्पांशी. तीन महिने झाले. मला हे लग्न करायचं नाही." सिस्टर खाली आल्या आणि पप्पांना वर घेऊन गेल्या. अर्ध्या तासानं बापलेक हात धरून खाली उतरले, दोघांचे डोळे सुजलेले, आणि बापानं हात जोडून लासलगावच्या पाहुण्यांची माफी मागितली. समेट झाला. साखरपुडा मोडला. पाहुणे ताटावरून उठून गेले.

मंडळीत दोन महिने दुसरा विषय नव्हता. "प्रार्थनेला बोलावलं होतं की पंचायतीला?" असं उघड बोललं गेलं. सिस्टरांचा तळहात कोरा राहायला लागला. आणि मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. त्या हंगामात पाच ठिकाणी मला बोलावणं आलं. मी आदल्या दिवशी टिपणं काढायचे, वचनं निवडायचे. सिस्टर सगळीकडे हजर. बोलावणं साध्या पाहुणीचं, तरी लसूण सोलायच्या, मग मागच्या भिंतीशी बसायच्या आणि माझ्या प्रार्थनेला सगळ्यांत मोठं "आमेन" त्यांचं. मला तो टोमणा वाटायचा. आता वाटतं, ते नुसतं आमेन होतं.

पाचव्या ठिकाणी, एका सहा वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाला, माझी प्रार्थना संपल्यावर ती मुलगी म्हणाली, "तुम्ही सुरी नाही घेणार? मला तर कृतिकाला सॉरी म्हणायचं होतं." सगळे हसले. मुलीची आई भिंतीकडे बघून म्हणाली, "सिस्टर, या ना पुढे." झालं. माझं राज्य तेवढंच.

इतकं असूनही हे सगळं मी गिळलं असतं. मंडळीतला मान काय, आज आहे उद्या नाही. मला खरी आग लागायची ती कृपाची.

कृपा माझी एकुलती एक मुलगी. तिचे वडील ती अकरावीत असताना गेले. माझी शाळा सकाळपासून, वर परीक्षांची, ऑफिसची कामं. मी घरी यायचे तर घराला कुलूप, आणि दाराला चिठ्ठी, "सिस्टरांकडे आहे." अभ्यास तिकडे, जेवण तिकडे. मी केलेली पोळी कोपऱ्यात सुकायची आणि ही तिकडे बाजरीची भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खाऊन यायची. बाप गेल्यावर माझ्यासमोर ती एकदाही रडली नाही. सिस्टरांकडे रडते, हे मला तिसऱ्याकडून कळलं. मी कधी त्या घरी गेले नाही. "आभारी आहे" म्हणायला एकदा निघाले होते, गल्लीच्या तोंडावरून परत फिरले. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता.

कृपाचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "आई, चर्चमध्ये पाळकसाहेब आहेतच. हळदीची प्रार्थना मात्र सिस्टर करतील."

मी म्हटलं, "बरं."

हळद संध्याकाळी पाचला होती. सिस्टरांना फोन मीच केला आणि सांगितलं, सात. त्या आल्या की म्हणता येईल, अरेरे, उरकलं बघा, मुलाकडच्यांना घाई होती. पाळकांच्या मुलीनं शांतपणे, विचार करून केलेलं हे खोटं. इतकं सगळं ठरवलं आणि लसूण विसरले.

बरोबर पाचला, पाहुणे सतरंजीवर बसताहेत, कृपा पाटावर, मी बायबल हातात घेऊन उभी, तोच दारात पांढरी साडी. दोन तास आधी आल्या होत्या, नेहमीप्रमाणे. भरलेली खोली बघून थबकल्या. एकदा माझ्याकडे बघितलं.

कृपा म्हणाली, "सिस्टर, इतका उशीर? तुम्ही तर दोन तास आधी येता, आणि हळद पाचची."

"मीच चुकले गं," सिस्टर म्हणाल्या. "म्हातारी झाले. कानानं ऐकत नाय, हातानं भलतंच लिवते."

कृपानं लाडानं त्यांचा डावा हात ओढला आणि तळवा उघडला. तिथं निळ्या शाईत लिहिलं होतं, कृपा हळद, सात. तिनं ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि हात हळूच मिटून परत दिला. बोलली एवढंच, "प्रार्थना तुम्हीच करा, सिस्टर."

सिस्टरांनी हळदीची वाटी उचलली. कृपाला आत नेलं, दोन मिनिटांत बाहेर पाठवलं, आणि मला हाक मारली, "प्रमिलाबाई, जरा येता?"

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. वाटी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. "पोरीचा कुनाशी अबोला नाय," त्या म्हणाल्या. "तुमचा हाय का? माझ्याशी?"

आता हो म्हणायचं होतं. एक शब्द. त्यांनी दार उघडून धरलं होतं आणि मला फक्त आत यायचं होतं. बाहेर माझी मुलगी हिरव्या बांगड्या घालून वाट बघत होती, आणि तिला काय हवंय ते मला पक्कं माहीत होतं.

मी म्हटलं, "छे, काहीतरीच."

सिस्टरांनी वाटीकडे एकदा बघितलं. मग वाटी माझ्या हातात दिली. "मग तुम्हीच करा प्रार्थना. माझ्यानं आज व्हायची नाय." आणि पाट ओढून लसूण सोलायला बसल्या.

मी केली. वचनांसकट, पूर्ण. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत सुंदर प्रार्थना असावी. मुलाकडची माणसं तर भारावून गेली. मी आमेन म्हटलं तेव्हा कृपाचे ओठ हलले नाहीत.

लग्न होऊन ती पुण्याला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. दर रविवारी फोन यायचा. "जेवलीस? गोळी घेतलीस? बरं, ठेवते." दोन वर्षं हे चाललं. शाळेत इतकी वर्षं मी मुलांना अबोला शब्दाचा अर्थ सांगितला, "न बोलणे." ते चूक होतं. माणसं बोलत असतात तरी अबोला असतो. सिस्टरांकडे तिचे फोन अर्धा अर्धा तास चालतात, हेही मला कळायचं. लोक अशा बातम्या आवर्जून पोचवतात.

यंदाच्या उन्हाळ्यात सिस्टर अंथरुणाला लागल्या. हृदय थकलं होतं. त्याही स्थितीत मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर, आता भेटायला जाणाऱ्यांची गर्दी होणार. मी गेले नाही. मग एक दिवस तरुण संघाची मुलं दारात आली. एक जूनला सिस्टरांचा वाढदिवस करायचाय. एक जून म्हणजे शाळेत मास्तरांनी घालून दिलेली तारीख. खरी त्यांच्या आईलाही माहीत नव्हती. इतक्या लोकांच्या केकपाशी उभ्या राहिल्या, पण त्यांचा स्वतःचा केक कुणी आणला नव्हता. म्हणून मुलांनी ठरवलं. "पण त्यांनी एक अट घातलीय," मुलं म्हणाली. "प्रार्थना प्रमिलाबाईच करतील. नाहीतर केक नको."

त्या दोन खोल्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकलं. बाहेरच्या खोलीत पंधरावीस माणसं, टेबलावर छोटा केक. मी दोन तास आधी यायला हवं होतं, लसूण सोलायला हवा होता, हे सगळं दारातच मनात आलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सुरी उचलली, रुमालात गुंडाळली. पर्समध्ये टाकायचं मात्र सुचलं नाही, हातातच घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटलं.

सिस्टर खाटेच्या कडेला उशी टेकून बसल्या होत्या. फार लहान दिसत होत्या. मी स्टूल ओढलं. टिपणं काढलेली होती, पण ती काही उपयोगाची नव्हती. मी विचारलं, "कुणाशी अबोला आहे का, सिस्टर?"

"हाय," त्या म्हणाल्या. "पाळकांच्या पोरीशी."

मग थांबून श्वास घेतला. "त्या दिवशी मी प्रार्थना करायला पायजे होती. पोरीनं तोंडानं मागितलं होतं. मी नियम पुढं केला. नियम नव्हता गं तो, राग होता. वाटी हातात घेतली आन वाटलं, ही हळद माझ्याच लेकीची हाय. मग तू समोर आलीस. तुझं घर, तुझी लेक, वर प्रार्थनाबी तुलाच पायजे. लय हेवा वाटला तुझा. सगळ्यांना समेट सांगत फिरले आन स्वतः दोन वर्षं हे पोटात घेऊन बसले."

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच त्या अगंतुगं करत होत्या.

माझा हेवा. या बाईला माझा. मी हसले की रडले ते आता नीट सांगता येणार नाही. मी म्हटलं, "मी तुम्हाला मुद्दाम सात सांगितलं होतं."

"ठाव हाय. पन तू लसूण इसरलीस."

"विसरले."

"पाळकांची पोर, कधी लसूण सोलला असशील तर ना!" त्या हसल्या आणि त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. मग हात पुढे करून त्यांनी माझ्याकडून सुरी काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. "आता माझं झालं. तुझं राहिलं. कृपाला फोन लाव."

"नंतर लावते. बाहेर माणसं खोळंबलीत."

"खोळंबू दे. सवय हाय त्यांना."

मी फोन लावला. बुधवार होता, रविवार नव्हे, म्हणून कृपानं घाबरूनच उचलला. "काय झालं? सिस्टर बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. मग जे सांगायचं ते सांगितलं. तळहातावरचं सात मी सांगितलेलं होतं. आत मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तुझ्या हळदीला तुला हवं होतं ते मी मिळू दिलं नाही, कारण तू मला सोडून त्यांच्याकडे जायचीस आणि ते मला सहन होत नव्हतं. चुकले मी, कृपा. सगळं एका दमात, व्याकरणाशिवाय.  मग ती "आई" म्हणाली, आणि तिच्या आवाजात रडू होतं. बाप गेल्यापासून मी ज्याची वाट बघत होते ते रडू. मी फोन कानाशी घट्ट धरला. मला वाटलं, आता ती बोलेल, खूप बोलेल, इतक्या वर्षांचं.

ती नाक ओढून म्हणाली, "सिस्टर आहेत ना तिथे? त्यांना दे ना जरा."

मी फोन दिला. काय करणार?

दाराशी जाऊन उभी राहिले. मागून एक मुलगा कुजबुजला, "बाई, केक वितळतोय." मी त्याला थांब म्हणून खूण केली. आत सिस्टर खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, माझा फोन दोन्ही हातांनी कानाला धरून, रुमालात गुंडाळलेली सुरी मांडीवर. "हां गं बाय... हां... नाय, रडू नको... मी बसलीया ना हितंच..." असं काहीबाही चाललं होतं, मधेच हसणं. गल्लीच्या तोंडावरून मी ऐकलं होतं, तेच हसणं. मला पुन्हा हेवा वाटला, अगदी पहिल्यासारखा, पोटातून. पण या वेळी मी परत फिरले नाही. बाहेर वळून सगळ्यांना म्हटलं, "बसा जरा. अजून बोलणं संपलेलं नाही," आणि दारातच उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले.